ध्वनिक्षेपक, स्थिरविद्युत् : दुरुस्ती व फेरफार

ताणून बसविलेल्या अतिशय पातळ प्लॅस्टिकच्या पटलावर स्थिर विद्युत् भार ठेवून आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या सच्छिद्र पट्टिकांना श्राव्य संकेताचा उच्च विद्युत् दाब देऊन ध्वनी निर्माण करणाऱ्या साधनास स्थिरविद्युत् ध्वनिक्षेपक म्हणतात. नेहमीच्या हलत्या वेटोळ्याच्या ध्वनिक्षेपकात प्रेरणा शंकूच्या मुळाशी लागते व तेथून ती कागदाच्या शंकूभर पसरावी लागते. येथे ती पटलाच्या सर्व पृष्ठभागावर एकाच वेळी लागते. ६ मायक्रोमीटर जाडीच्या पॉलिएस्टर पटलाचे वस्तुमान दर चौ.मी.ला सु. ८ ग्रॅ. भरते, म्हणजे जवळजवळ ७ मिमी. जाडीच्या हवेच्या थराइतकेच. इतके हलके पटल संकेत थांबताच थांबते. या ध्वनिक्षेपकांच्या आवाजातील स्वच्छपणाचे ते मुख्य कारण आहे आणि त्यांच्या नाजूकपणाचेही तेच कारण आहे.

अशा ध्वनिक्षेपकांपैकी अनेक चाळीस ते साठ वर्षांपूर्वी तयार झालेले असून ते अजून वापरात आहेत. त्यांतील लाकूड, धातू व रोहित्रे सहसा शाबूत असतात. झिजतात ते पटल, त्यावरील लेप व उच्च दाबाचा पुरवठा. हे तीनही भाग कुशल व्यक्तीस घरगुती कार्यशाळेत नव्याने करता येतात. मात्र बाहेरून किरकोळ भासणाऱ्या बदलामुळे ज्या तत्त्वावर हे साधन चालते तेच मोडण्याचा संभव असतो. त्यामुळे दुरुस्तीच्या आधी त्या तत्त्वाचा विचार करणे अगत्याचे आहे.

इतिहास : हलत्या वेटोळ्याच्या ध्वनिक्षेपकाचे आधुनिक रूप चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडले. याच केलॉग यांना पुढे १९३४ मध्ये स्थिरविद्युत् ध्वनिक्षेपकाचे अमेरिकन पेटंट मिळाले. परंतु टिकाऊ व पातळ पटलाचा पदार्थ त्या काळी उपलब्ध नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिएस्टरचे पापुद्रे मिळू लागले व ही अडचण दूर झाली. हार्व्हर्ड विद्यापीठातील फ्रेडरिक हंट यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्थिर भाराच्या तत्त्वाचे विवेचन केले. अमेरिकेत आर्थर जॅन्सेन यांनी उच्च कंप्रतांसाठी (कंप्रता म्हणजे दर सेकंदास होणारी कंपनसंख्या) असे ध्वनिक्षेपक तयार केले. इंग्लंडमध्ये हंटिंग्डन येथील पीटर वॉकर यांनी १९५५ मध्ये वायरलेस वर्ल्ड या मासिकात या विषयावर लेखमाला लिहिली व १९५७ मध्ये क्वाड ईएसएल हा सर्व कंप्रतांचा ध्वनिक्षेपक बाजारात आणला. त्याचे उत्पादन १९८५ पर्यंत चालू होते. त्यानंतरचा ईएसएल-६३ हा नमुना १९८१ मध्ये विक्रीस आला. दुरुस्तीचा सर्वांत जास्त अनुभव या दोन नमुन्यांबाबत साठलेला असल्याने पुढील विवेचनात मुख्यतः त्यांचीच उदाहरणे घेतली आहेत.

स्थिर भाराचे तत्त्व : पटल दोन सच्छिद्र स्थिर पट्टिकांच्या बरोबर मध्ये असते. पटलाला काही हजार व्होल्टांचा एकदिश दाब देतात. यास ध्रुवण दाब म्हणतात. विवर्धकाकडून आलेला संकेत रोहित्राने वाढवून स्थिर पट्टिकांना परस्परविरुद्ध कलेत दिला जातो, त्यामुळे एक पट्टिका पटलास ओढत असताना दुसरी ढकलत असते. पटल चांगले संवाहक असेल आणि त्याचा दाब कायम ठेवला असेल, तर ते एका पट्टिकेजवळ सरकताच त्याची धारणा वाढते, त्यावर जास्त भार येतो आणि प्रेरणा त्याच्या स्थानावर अवलंबून राहते. परिणामी आवाजात विकृती निर्माण होते. याउलट पटलावरील भारच कायम ठेवला, तर प्रेरणा म्हणजे भार व दोन पट्टिकांमधील क्षेत्र यांचा गुणाकार होय. हे क्षेत्र पटल कोठे आहे यावर अवलंबून नसते, त्यामुळे प्रेरणा संकेताच्या सम प्रमाणात राहते.

भार कायम राखण्यासाठी पुरवठा व पटल यांच्यामध्ये मोठा रोधक घालतात. उदा., फलकाची धारणा ५०० पिकोफॅराड व रोधक १०० कोटी ओहमचा असेल, तर भार बदलण्यास लागणारा काल सु. अर्धा सेकंद येतो. ५० हर्ट्झच्या ध्वनीचे एक आवर्तन ०.०२ सेकंदाचे असल्याने तेवढ्या वेळात एकूण भारात लक्षात येण्याजोगा बदल होत नाही. पण एवढ्याने काम भागत नाही, कारण पटलाचा मध्य कडेपेक्षा जास्त हलतो. लेप चांगला संवाहक असल्यास एकूण भार तेवढाच राहूनही तो कडेकडून मध्याकडे धावतो व स्थिर भाराचा हेतू निष्फळ ठरतो. म्हणून लेपाचाच पृष्ठरोध फार मोठा असावा लागतो. तो चौरसाच्या दोन समोरासमोरील कडांमध्ये मोजतात व चौरस लहान असो वा मोठा, त्याचे मूल्य तेच येते. हा रोध दहा कोटी ते एक हजार कोटी ओहम यांच्या दरम्यान असणे इष्ट समजतात.

मोठ्या पृष्ठरोधाचा दुसरा लाभ दुरुस्ती करणाऱ्यास विशेष जाणवतो. ५०० पिकोफॅराडच्या फलकात ६,००० व्होल्टला सु. ९ मिलिजूल ऊर्जा साठते. लेप संवाहक असल्यास एखाद्या बिंदूपाशी ठिणगी पडताच ही सर्व ऊर्जा त्या एका बिंदूवर येऊन पटलास भोक पडू शकते. लेपाचा रोध मोठा असल्यास त्या बिंदूच्या लगतचाच भार ठिणगीस मिळतो आणि ती क्षीण राहते. चांगला लेप हे अशा रीतीने पटलाचे संरक्षक साधनही आहे.

सुरक्षितता : या साधनातील धोक्याविषयी बऱ्याच जणांची कल्पना उलटी असते. ध्रुवण दाबाचा आकडा भीतिदायक वाटतो, पण त्या पुरवठ्यातून मिळू शकणारा प्रवाह अत्यल्प असतो; त्याचा धक्का वेदनादायक असला, तरी जिवावर बेतण्याचा खरा संभव इतर दोन ठिकाणी असतो. एक म्हणजे घरगुती वीजपुरवठा जोडलेली प्राथमिक बाजू आणि दुसरे म्हणजे संकेत रोहित्राची द्वितीयक बाजू. ५० वॉटचा विवर्धक जोडलेला असताना या रोहित्रातून ५,००० व्होल्टला १० मिलिअँपिअर प्रवाह मिळू शकतो आणि हात सोडविता येऊ नये इतके स्नायू आखडण्यास एवढा प्रवाह पुरेसा ठरू शकतो. म्हणून मागील जाळी काढण्यापूर्वी वीजपुरवठ्याची व विवर्धकाची अशा दोन्ही जोडण्या काढून टाकाव्यात. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. त्यानंतर उच्च दाबास योग्य अशा रोधकांच्या साखळीतून पटलाचे अग्र व पुरवठ्याचे अग्र भूसंपर्कित करावे. लेपाचा रोध मोठा असल्याने पटलावरील भार कडेकडून सावकाश वाहतो. तेव्हा संपर्क काही मिनिटे तसाच ठेवून तो पुन्हा एकदा करावा. जिवंत मंडलावर मोजमाप करणे अपरिहार्य असेल, तर एक हात खिशात ठेवण्याची विद्युत् तंत्रज्ञांची जुनी सवय येथेही पाळावी आणि खोलीत दुसरी व्यक्ती हजर असावी.

बिघाडांचे निदान : आवाज हळूहळू क्षीण होणे ही सर्वांत नित्याची तक्रार होय. ती काही वर्षांत इतक्या सावकाश वाढते की, जोडीतील एक ध्वनिक्षेपक दुसऱ्यापेक्षा मंद झाल्यावरच ती ध्यानात येते. ध्रुवण दाब उतरणे, फलकातून भार गळणे वा लेप नष्ट होणे यांपैकी कोणतेही कारण त्यामागे असू शकते. ते ठरविण्यासाठी फलकाकडे जाणारी ध्रुवण तार सोडवून पुरवठ्याचा दाब मोजतात. तार सोडविल्यावर दाब एकदम वाढला, तर फलक गळका आहे. दाब कमीच राहिला, तर दोष पुरवठ्यात आहे. दोन्ही ठीक असून आवाज मंद असेल, तर लेपाचा संशय घ्यावा.

हे मोजमाप नेहमीच्या बहुमापकाने करता येत नाही. अशा मापकाचा अंतर्गत रोध बहुधा १ कोटी ओहम असतो. ६,००० व्होल्टला तो ०.६ मिलिअँपिअर प्रवाह मागेल. एवढा प्रवाह देण्याची या पुरवठ्याची ताकद नसल्याने दाब कोसळतो आणि चांगला पुरवठाही निकामी असल्याचा निष्कर्ष निघतो. शिवाय मापकाचे निरोधन एवढ्या दाबासाठी केलेले नसते. निदान १०० कोटी ओहम रोधाचा उच्च दाब शोधक वापरावा व तोही पुरवठ्यावर काही भार टाकतोच हे आकडा वाचताना लक्षात घ्यावे.

तळणीसारखा चुरचुर आवाज किंवा मधूनमधून होणारी टकटक गळतीची निदर्शक असते. भारित पटल हवेतील धूळ सतत ओढून घेते. म्हणून क्वाडच्या रचनेत फलकांच्या पुढे व मागे पातळ पापुद्र्याचे धूळरोधक पडदे असतात. ते फाटले की धुळीचे कण पटल व पट्टिका यांच्यामध्ये शिरतात, दमट हवेत पाणी शोषतात व गळतीचे मार्ग बनतात. मुंबई व कोकणपट्टी येथे पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहते. अशा हवेत केवळ ओलाव्यामुळे मंद झालेला फलक व खरोखर बिघडलेला फलक यांत फरक करणे अवघड जाते. तेथे फलक काढून कोरड्या व किंचित उबदार जागी दोन-तीन दिवस ठेवल्यानंतरच निदान करणे शहाणपणाचे ठरते. समुद्राकाठच्या खारट धुळीचा त्रास मात्र वाळवून जात नाही, ती पुसूनच काढावी लागते.

ठराविक स्वरांना होणारी घरघर बहुधा विद्युतीय नसते. सैल झालेला धूळरोधक पडदा, ढिला स्क्रू अथवा ताण गेलेले पटल तिचे मूळ असते. ईएसएल-६३ मध्ये स्थिर पट्टिका प्लॅस्टिकच्या जाळीदार सांगाड्यास चिकटविलेल्या असतात. काही दशकांनंतर हा डिंक सुटतो व पट्टिका स्वतःच कंप पावू लागते. यावर वरवरचा उपाय नाही. फलक उघडून पट्टिका पुन्हा इपॉक्सीने चिकटवाव्या लागतात.

मोठ्या आवाजात स्पष्ट ठिणगी पडणे व ओझोनचा वास येणे ही लक्षणे दिसल्यास साधन ताबडतोब बंद करावे. जुन्या क्वाडमध्ये हा प्रसंग बहुतेक वेळा मधल्या, उच्च कंप्रतेच्या फलकावर येतो. ठिणगीमुळे पटलास भोक पडते ते तितकेसे गंभीर नसते. खरी हानी पट्टिकेचे प्लॅस्टिक जळून तेथे कार्बनाचा संवाहक मार्ग तयार झाल्याने होते, कारण पुढची प्रत्येक ठिणगी याच मार्गाने जाते.

पटल बदलणे : क्वाड ईएसएलचे फलक रिव्हेटांनी बंद केलेले असतात. रिव्हेट छिद्रण यंत्राने पोखरून काढून त्यांच्या जागी नायलॉनचे स्क्रू घालण्याची पद्धत रूढ आहे. धातूचे स्क्रू वापरू नयेत. पट्टिका मृदू कुंचल्याने झाडून आयसोप्रोपिल अल्कोहॉलने पुसतात. जळालेला भाग काळा रंग पूर्ण नाहीसा होईपर्यंत खरवडून, खळगा इपॉक्सीने भरून वर निरोधक लेप देतात. येथे आळस केल्यास नवे पटलही थोड्याच दिवसांत जुन्याच्या वाटेने जाते.

पटलाचा ताण हा या कामातील सर्वांत कौशल्याचा भाग आहे. भारित पटल ज्या पट्टिकेच्या थोडे जवळ जाते तिच्याकडे ते आणखी ओढले जाते. त्यामुळे विद्युतीय आकर्षण पटलाच्या ताणाविरुद्ध काम करीत असते. ताण अपुरा असला, तर पटल एका पट्टिकेस जाऊन चिकटते. जास्त झाला, तर अनुस्पंदनाची कंप्रता वर जाते आणि खर्जातील स्वर दुबळे होतात. पटलाच्या दोन आधारांमधील अंतर पटल व पट्टिका यांमधील फटीच्या सु. ७० ते १०० पटींहून अधिक नसावे, असा हौशी रचनाकारांचा ढोबळ नियम आहे. ताण देण्यासाठी एक सोपी युक्ती वापरतात. सपाट मेजाच्या कडेभोवती सायकलची रबरी नळी बसवून पापुद्रा तिच्यावरून मेजाखाली चिकटपट्टीने घट्ट करतात व नळीत हवा भरतात. नळी फुगत जाते तसा पापुद्रा चहूबाजूंनी सारखा ताणला जातो. मेजावर आधी दोन खुणा करून त्यांच्यामधील अंतर मोजल्यास ताण कळतो. पॉलिएस्टरसाठी तो साधारणपणे एक ते दीड टक्का ठेवतात. मग फलकाची चौकट पापुद्र्यावर चिकटवून डिंक पूर्ण वाळल्यावरच कडा कापतात. राहिलेल्या बारीक सुरकुत्या उष्ण हवेच्या झोताने आक्रसून घेता येतात. केवळ उष्णतेच्या भरवशावर सैल पटल ताठ करण्याचा मार्ग मात्र विश्वसनीय नाही, कारण दोन फलकांत सारखा ताण येईलच असे नसते.

लेप पटलाच्या एकाच बाजूस दिला तरी चालतो. ग्रॅफाइटची पूड कापसाच्या बोळ्याने घासून बसविणे ही जुनी व स्वस्त पद्धत. तिचा दोष असा की, हात थोडा जड पडला तरी रोध अपेक्षेच्या हजारांश होतो. घासल्यानंतर बहुतेक पूड पुन्हा पुसून काढावी लागते व चांगला लेप डोळ्यांस जेमतेम दिसतो. स्थिरविद्युत्‌विरोधी द्रवांचे फवारे सोयीचे असतात. त्यांपैकी काहींचा रोध हवेतील ओलाव्यानुसार बदलतो, तर काही कोरड्या ऋतूत पूर्ण निष्क्रिय होतात. कोणताही लेप निवडला तरी तो आधी त्याच पापुद्र्याच्या तुकड्यावर देऊन, आठवडाभर ठेवून, मग मोजावा. लेपाची कड चौकटीपासून किंचित आत थांबवितात व फक्त संपर्कपट्टीपाशी ती बाहेरपर्यंत नेतात.

उच्च दाबाचा पुरवठा : क्वाड ईएसएलमध्ये खर्जाच्या दोन फलकांना सु. ६,००० व मधल्या फलकास सु. १,५०० व्होल्ट ध्रुवण दाब मिळतो. हा दाब धारित्रे व एकदिशकारक यांच्या गुणक साखळीने मिळवितात आणि ती साखळी मेणात ओतून बंद केलेली असते. जुने एकदिशकारक व धारित्रे काळानुसार गळू लागतात. मेण वितळवून एकेक घटक शोधण्यापेक्षा सिलिकॉन द्विप्रस्थ व योग्य दाबाची नवी धारित्रे घेऊन संपूर्ण साखळी नव्याने बांधणे सोपे पडते. डाखाची टोके गोलसर ठेवावीत, कारण टोकदार भागातून भार हवेत गळतो. डाख देताना वापरलेल्या राळेचा अंशही अल्कोहॉलने धुऊन काढावा.

फेरफार : ज्या फेरफारांनी फलकावरील ताण कमी होतो ते बहुधा हितकारक असतात. क्वाड ईएसएलला शिखर मूल्याने ३३ व्होल्टपेक्षा जास्त संकेत देऊ नये अशी मर्यादा आहे. ज्या काळात तो निघाला तेव्हा त्याच उत्पादकाचा क्वाड-२ हा निर्वात नलिकांचा विवर्धक १५ वॉटचा होता. ८ ओहमला १०० वॉट देणारा नंतरच्या काळातील विवर्धक ४० व्होल्टपर्यंत सहज जातो. मधल्या फलकांचे अनेक अपघात यातून झाले आहेत. म्हणून ठराविक दाबाच्या पुढे संकेत छाटणारे संरक्षक मंडल बसविणे हा पहिला व सर्वांत उपयुक्त फेरफार म्हणता येईल. ईएसएल-६३ मध्ये ठिणगीपूर्वीचे आयनीभवन ओळखून संकेत मंडलसंक्षेपित करणारी व्यवस्था मुळातच आहे. ‘आवाज मोकळा होतो’ म्हणून ती काढून टाकणारेही आढळतात.

ध्रुवण दाब वाढविण्याचा मोह टाळावा. तो २० टक्क्यांनी वाढविला तर संवेदनक्षमता सु. १.६ डेसिबेलने वाढते, म्हणजे कानास जेमतेम कळेल एवढीच. परंतु पटलास पट्टिकेकडे ओढणारे आकर्षण दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे ४४ टक्क्यांनी वाढते. नियमन नसलेल्या पुरवठ्यात घरगुती विजेचा दाब चढला तरी हेच घडते. तेव्हा जेथे विजेचा दाब फार कमीजास्त होतो तेथे स्थिरकारक वापरणे हाच खरा सुधार होय.

धूळरोधक पडदे काढून टाकण्याचा फेरफार तर आत्मघातकीच आहे. त्याने उच्च कंप्रतांत होणारा लाभ अल्प असतो व फलकाचे आयुष्य निश्चितपणे घटते. मागील बाजू पेटीत बंद करण्याचे प्रयोगही फसतात. हे पटल पुढे व मागे सारखाच ध्वनी सोडते व मागे बंद हवा ठेवल्यास तिच्या ताठपणामुळे अनुस्पंदन वर सरकते. याउलट ध्वनिक्षेपक भिंतीपासून मीटरभर पुढे आणून जमिनीपासून थोडा उचलल्यास काहीही न उघडता खर्ज सुधारतो. अधिक आवाजासाठी एकावर एक असे दोन क्वाड रचण्याची पद्धत १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत मान्यता पावली. मार्क लेव्हिन्सन यांच्या एचक्यूडी संचात अशा दुहेरी क्वाडला हार्टली कंपनीचा मोठा खर्जक्षेपक व डेका कंपनीचा पट्टीक्षेपक यांची जोड दिलेली होती. या रचनेत विवर्धकावरील भार दुप्पट होतो. मुळातच १६ ओहम म्हणून सांगितलेला क्वाडचा संरोध श्राव्य पल्ल्याच्या वरच्या टोकास २ ओहमच्याही खाली जात असल्याने असा भार सर्व विवर्धकांना झेपत नाही.

दुरुस्तीनंतरची चाचणी : जोडणी पूर्ण झाल्यावर संकेत न देता केवळ ध्रुवण दाबावर ध्वनिक्षेपक एक दिवस चालू ठेवतात व अंधारात जवळून पाहून ठिणगी वा निळसर झळाळी नाही याची खात्री करतात. नंतर मंद पातळीवर २० हर्ट्झपासून वर सरकणारा शुद्ध स्वर देऊन घरघर ऐकतात. एका बाजूचा एकच फलक नवा केला असल्यास जोडीत फरक पडतो. म्हणून डाव्या व उजव्या ध्वनिक्षेपकांतील समान फलक एकाच वेळी, एकाच गुंडाळीतील पापुद्र्याने व एकाच लेपाने करणे श्रेयस्कर. तरीही दोघांत १ डेसिबेलहून अधिक तफावत राहिली, तर फलकांची आपापसांत अदलाबदल करून जवळच्या मूल्यांचे फलक समोरासमोरच्या जागी बसवितात.